खुंटीचा मोदक

लग्नसराई लागली की घरी पत्रिका यायला लागतात, आणि पत्रिका हातात पडली की मी आधी नावं वाचत नाही. नवरा कोण, नवरी कुणाची, मुहूर्त दुपारचा की गोरज, हे सगळं नंतर. आधी मी वरच्या गणपतीकडे बघते. सोंड वर उचललेली आहे का? सोंडेच्या टोकाला मोदक आहे का? असला, तर चष्मा कपाळावर ढकलून पत्रिका डोळ्यांजवळ नेते आणि मोदकाच्या बरोबर खाली बघते. आमचे हे दरवर्षी विचारतात, "लग्नाला जाणार आहेस की पंचनाम्याला?"

मी संशयी आहे, हे कबूल. भाजीवाल्याने आपणहून कोथिंबिरीच्या चार काड्या जास्त घातल्या, तर घरी येऊन मी ती जुडी दुप्पट लक्ष देऊन निवडते. कुणी विनाकारण तब्येत विचारली, तर संध्याकाळपर्यंत त्याचं काय काम असेल याचा विचार करते. फुकट ते पौष्टिक म्हणतात, मला फुकटचं कधी पचलं नाही. हा स्वभाव आईकडून आला असं माहेरचे म्हणतात आणि सासरी आल्यावर वाढला असं मी म्हणते. कसाही आला असो, बहुतेक वेळा त्याने माझं भलंच केलं. एका उन्हाळ्यात मात्र त्याने एका भल्या माणसाच्या हातातलं काम घालवलं. चैत्र उजाडला, उन्हाचा तो पिवळा भपका खिडकीतून आत आला, की मला दुसरं काही आठवत नाही. तोच उन्हाळा आठवतो.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान होतं. पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचा आणि मागच्या खोलीत स्क्रीन प्रिंटिंगने पत्रिका छापायच्या. आमचे हे कोरेगाव भीमाकडे एका कंपनीत शिफ्टला जायचे, त्यामुळे दुकान म्हणजे मी आणि मी म्हणजे दुकान. पंखा लावला तर ओल्या पत्रिका उडायच्या, बंद केला तर शाईच्या वासाने डोकं चढायचं. सोनेरी शाई नखांत शिरून बसायची, ती आषाढापर्यंत निघायची नाही. भाकरी थापतानासुद्धा हाताला तो वास यायचा.

गिऱ्हाईक प्रूफ वाचायचं ते फक्त मानपानासाठी. मुहूर्ताची वेळ चुकली तर चालून जाई, पण थोरल्या आत्याच्या मालकांचं नाव धाकटीच्या मालकांच्या खाली गेलं की दुकानात पंचायत भरायची. गणपतीकडे कुणी बघायचं नाही. तो वर असायचा, म्हणून असायचा. मी मात्र त्याच्याकडे फार बघायचे. आमच्या घरात बुद्धवंदना. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेवर 'मंगल परिणय' होतं आणि वर बुद्धाची शांत मूर्ती. पण दुकानातल्या वहीत दीडदोनशे गणपती चिकटवलेले होते, आणि सगळे मला सारखेच कंटाळलेले दिसायचे. पन्नास वर्षं त्याच ठशातून निघून निघून त्यांचे डोळे पुसट झाले होते.

रशीदमामा पेंटर याच गल्लीच्या तोंडाला बसायचे. सडपातळ, पांढरी दाढी नीट कापलेली, शर्टाच्या खिशाला कायम निळ्या रंगाचा डाग. गाड्यांच्या नंबरप्लेटा, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, दुकानांच्या पाट्या असं सगळं काम करायचे. पण लग्नसराईत त्यांना बाकी काही करायला सवड नसे. आमच्याकडे लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर 'शुभविवाह' रंगवायची रीत आहे. दाराच्या एका बाजूला नवऱ्या-नवरीची नावं, दुसऱ्या बाजूला गणपती, वर तोरण. शिरूर तालुक्यात आणि खाली दौंडच्या गावांतही ज्याच्या भिंतीवर रशीद पेंटरचा गणपती, त्याचं लग्न झोकात, असं लोक धरून चालायचे.

मामा भिंतीपुढे उभे राहिले की आधी चप्पल काढायचे. अंगणातली फरशी तव्यासारखी तापलेली असली तरी काढायचे. मग बराच वेळ नुसते भिंतीकडे बघत राहायचे, आणि एकदम सोंडेच्या टोकापासून सुरुवात करायचे. कान, पोट, मांडी घातलेला पाय, सगळं एका दमात. मी एकदा त्यांना चिडवलं होतं, "मामा, तुम्ही नमाजी, मी बौद्ध, आणि दोघांचं पोट गणपतीवर." ते हसून म्हणाले, "तुमचाबी न्हाई आन् माझाबी न्हाई. तरी बघा ताई, दोघांचंबी काम करतोय."

त्याच उन्हाळ्यात शिरूरला नेट कॅफे निघाला. म्हणजे प्लायवुडच्या चार खोपट्या, प्रत्येकीला पडदा, आणि टेलिफोनच्या तारेतून येणारा तो किरकिर-खरखर आवाज. बाईमाणसाने त्या पडद्याआड जाऊन बसणं गावाला रुचणारं नव्हतं. मी जाताना पडदा मुद्दाम उघडा ठेवायचे; संशय घेणारीला दुसऱ्यांचे संशय लवकर कळतात. पण एकदा आत गेले आणि खिळून बसले, हे खरं आहे. वेलबुट्ट्या, मोर, कलश, तऱ्हेतऱ्हेची अक्षरं. कुठल्या कुठल्या देशांतल्या किनारी, त्यांतली फुलं मी जन्मात पाहिली नव्हती. चित्र वरून खाली एकेक पट्टी उघडत यायचं, आणि अर्धं आलं असतानाच माझ्या मनात पत्रिका जुळायला लागायची. दुकानात परत येऊन मी इतक्या हुरूपाने काम करायचे की जेवणाची आठवण राहायची नाही. हे मी नाकारणार नाही. माझ्या डोळ्यांपुढच्या भिंती त्या खोपटीत बसून पडल्या.

आणि तरीही मनात पाल चुकचुकायची. हे सगळं कुणी काढलं असेल? आणि फुकट का देतोय? मी कॅफेवाल्याला विचारलं, "हा मोर कुणाचा?"

"नेटचा."

"आणि नेट कुणाचं?"

"ताई, तुमचा टाइम चाललाय," तो म्हणाला.

गावात मात्र असले प्रश्न कुणाला पडत नव्हते. पूर्वी चांगल्या वस्तूला 'पुण्याची' म्हणायचे, आता 'नेटवरची' म्हणायला लागले. गिऱ्हाईक नमुना बोटाने टोकरून विचारायचं, "नेटवरचा हाय का?" हो म्हटलं की त्याचा चेहरा खुलायचा. घरी काढलेलं म्हटलं की पुढचं पान उलटायचं. हा शब्द माझ्याही नकळत माझ्या डोक्यात मुरला. नेटवर जे आहे ती आई, इकडे जे आहे ते तिचं लेकरू, म्हणजे नक्कल असलीच तर इकडचीच, असं मी धरून चालले. संशयी माणसाची ही गंमत असते. शंभर ठिकाणी चाचपून पाय टाकतो, आणि एका ठिकाणी डोळे मिटून चालतो.

त्या मोसमात मला हौस आली की आपल्या दुकानाचा असा एक गणपती असावा, ठशातला नको. मी मामांना गळ घातली. त्यांनी बटर पेपर मागून घेतला, चप्पल काढली, आणि माझ्या काउंटरवर गणपती उतरवला. सोंड वर उचललेली, टोकाला मोदक, डोळे मोदकाकडे. आजवरचे गणपती माणसांकडे बघायचे. हा आपल्याच नादात होता, खाऊ मिळालेल्या पोरासारखा. मला इतका आनंद झाला की तो कागद मी दिवसभर फाइलमध्ये घालायचे आणि परत काढून बघायचे. आठ दिवसांत चार लग्नांच्या पत्रिकांवर तो छापला.

नवव्या दिवशी मी कॅफेत किनारी शोधत होते. एक पान उघडत गेलं, आणि वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी मामांचा गणपती माझ्यासमोर आला. तीच सोंड, तोच मोदक, तीच नजर. फरक एकच. मोदकाखाली एक काळं, तिरकं, निमुळतं पान लोंबत होतं. विड्याचं म्हणावं तर फार बारीक, दूर्वा म्हणावी तर फार जाड.

मी ते छापून घेतलं. दुकानापर्यंतच्या पन्नास पावलांत माझ्या मनाने सगळा खटला उभा केला आणि निकालही दिला. मामा काउंटरपाशी चहा घेत होते. न्हावऱ्याचे दोघं जण भिंत रंगवायचं पक्कं करायला त्यांच्याकडे आले होते, तेही तिथेच. त्या दोघांच्या देखत मी कागद पुढे टाकला.

"मामा, हे काय?"

त्यांनी कागद लांब धरला, जवळ आणला. "माझा गणपती हाय."

"हा नेटवर आहे."

"आसंल. पर माझा हाय."

"तुमचा नेटवर कसा जाईल? तुम्हीच नेटवरून घेतलात, असं म्हणा की."

"ताई, मला त्यो माऊस कसा धरायचा त्येबी ठावं न्हाई."

"कुणी काढून दिला असेल. आणि हे मोदकाखालचं पान तेवढं गाळलंत. म्हणजे खूण नको."

मामा त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिले. "ह्ये कशाचं हाय, मला न्हाई ठावं," ते सावकाश म्हणाले. "पर मोदक माझा हाय. निमोण्याला सोपानआबाच्या दारात खुंटी हाय. जाऊन बघा."

मी विचारते गणपतीचं, हे सांगतात खुंटीचं. विषय खुंटीला टांगायचा हा डाव मला चांगला ठाऊक होता. मी म्हटलं, "खुंटीचं काय मध्येच?" मामांनी कागद काउंटरवर उपडा ठेवला. चहा अर्धाच होता. चप्पल घालायला त्यांना जरा वेळ लागला.

तालुक्याच्या गावात बातमी एसटीच्या आधी पोचते. न्हावऱ्याच्या त्या दोघांनी भिंत रंगवली नाही. रशीद पेंटर जर नेटवरचंच उतरवतो, तर मशिनवरच काढू की, म्हणाले. फ्लेक्स तेव्हा नुकता आला होता. त्यांनी फ्लेक्स लावला. मग त्यांच्या पाहुण्यांनी लावला. मग पाहुण्यांच्या पाहुण्यांनी. पंधरा दिवसांत मामा नंबरप्लेटांवर आले. आमचे हे मला समजवायचे की फ्लेक्स येणारच होता, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण कावळा आपोआप बसला नव्हता. मी बसवला होता.

आणि तरी, सांगायला लाज वाटते, मी निमोण्याला गेले ती पश्चात्तापाने नाही. मामा गल्लीच्या तोंडाला बसलेले दिसायचे आणि माझ्याकडे बघून पूर्वीसारखीच मान हलवायचे. चोर असा मान हलवतो का? हा काटा काढायचा होता. खुंटी नाहीच, किंवा असली तर साधी खुंटी आहे, असं एकदा डोळ्यांनी बघून यायचं आणि मोकळं व्हायचं. सकाळच्या वडाप जीपने, दोन बायका आणि एक कोंबड्याची टोपली यांच्यामध्ये चेपून बसून, मी खोटेपणा पकडायला निघाले.

सोपानआबा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. दार पूर्वेला. दाराशेजारच्या भिंतीवर, वळचणीखाली असल्यामुळे दोन पावसाळ्यांतून वाचलेला, मामांचा गणपती. रंग विटला होता, रेघ तशीच होती. आणि सोंडेच्या टोकाला भिंतीतून वीतभर बाहेर आलेली सागाची खुंटी. तिचं गोल तोंड पांढरं रंगवून त्यावर मोदकाच्या बारीक पाकळ्या ओढल्या होत्या.

मी विचारायच्या आधीच आबांनी सांगायला सुरुवात केली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असणार. "नातवाचं लगीन हुतं. पेंटर म्हनला, आबा, खुंटी काढा, गणपतीच्या मधी येतीया. म्या म्हनलं, गणपती काढ नायतर नगं काढू, खुंटी निघायची न्हाई. माझ्या बापानं बैलांची घुंगुरमाळ हितंच टांगली हुती."

"मग?"

"मग काय. निम्मा दीस बसला भिताडाकडं बघत. म्या म्हनलं, रुसला का काय. तर उठला आन् सोंडच उचलली वर. खुंटीचाच मोदक क्येला. लोकं म्हनली, मोदक हातात ऱ्हातो. म्या म्हनलं, भूक लागल्याव हाताची वाट कोन बघतं?"

ते आपल्याच बोलण्यावर हसले. मला हसू आलं नाही. साडेदहा-अकरा वाजले होते. ऊन भिंतीवर वरून तिरकं पडलं होतं, आणि खुंटीची सावली मोदकाखाली पडली होती. काळी, तिरकी, निमुळती.

ते पान नव्हतं. कॉम्प्युटरला, नेटला, कुणालाच ठाऊक नव्हतं ते काय आहे, आणि इथे ते माझ्यासमोर भिंतीवर पडलं होतं. उन्हाबरोबर हळूहळू लांबत होतं. कुणीतरी या भिंतीचा फोटो घेतला होता, त्या फोटोवरून चित्र गिरवलं होतं, आणि गिरवणाऱ्या मूर्खाने रेघेबरोबर सावलीही गिरवली होती. लगेच दुसरा संशय उभा राहिला, चोर कोण?

"आबा, या भिंतीचा फोटो कुणी काढला होता?"

"काढला की, लग्नातल्या फोटूवाल्यानं."

"मग तो फोटो गेला कुठे?"

आबांनी शेंग फोडायची थांबवली. "आता त्ये तुमीच सांगा, बाई."

"मी?"

"ष्टँडमागचं दुकान तुमचंच न्हवं? फुडल्या वर्साला नातीचं लगीन निघालं तवा, पत्रिकंवर ह्योच गणपती घाला म्हनून म्याच फोटू दिला हुता तुमच्या हातात. मग पोरांनी पुण्यावरनं तयार कार्डं आनली. फोटू मागाया दोनदा आलो. तुमी म्हनलासा, घावत न्हाई."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी मूठभर शेंगा माझ्या ओंजळीत घातल्या आणि म्हणाले, "खावा. सापडला तर द्या माघारी. नातवाचा त्यो येकच फोटू हाय घोड्यावरला, कोपऱ्यात."

परतीच्या जीपमध्ये मी त्या शेंगा मुठीत तशाच धरून बसले होते. दुकानात आल्यावर मागच्या खोलीतलं जुनं खोकं ओढलं. नवीन कॉम्प्युटर आल्याच्या पहिल्या मोसमातली अर्धवट राहिलेली कामं त्यात होती. तळाला एक खाकी पाकीट निघालं, त्यावर माझ्या अक्षरात 'निमोणे, गणपती'. आत फोटो. कोपऱ्यात घोड्यावरचा नातू, मध्ये भिंत, भिंतीवर उजेड. आणि पारदर्शक फिल्म, तिच्यावर गणपती. मोदकाखाली काळं पान.

मग सगळं आठवलं. त्या पहिल्या मोसमात मी झपाटल्यासारखी दिसेल ते गिरवत होते. माऊस हातात बसत नव्हता, पण पडद्यावर रेघ उमटली की हरखून जायचे. फोटोत जे जे काळं, ते ते गिरवायचं, एवढंच मला कळत होतं. रेघ कुठली आणि सावली कुठली, हे बघायची अक्कल नव्हती. ते पान मामांनी गाळलं नव्हतं. मी घातलं होतं. सगळ्या जगावर संशय घेऊन झाला होता, फक्त एक बाई तेवढी सुटली होती.

फिल्म तेव्हा दौंडला निघायची. स्टेशनजवळच्या एका माणसाकडे मी फ्लॉपी पाठवत असे, दौंडच्या गाडीत कंडक्टरच्या हाती देऊन. मी तिथे गेले. भांडायच्या तयारीनेच गेले, कारण मनाला अजून एक चोर हवा होता. त्याने काही लपवलं नाही. "गिऱ्हाइकांच्या फ्लॉप्या येत्यात, त्यातली बरी बरी चित्रं ठिवून घेतो," तो म्हणाला. "त्याची शीडी करून समद्यांना देतो. तुमालाबी दिली हुती की. तुमच्या पत्रिकंवरला मोर त्यातलाच हाय."

मोर त्यातलाच होता. तो कुणाचा, हे मी कॅफेवाल्याला विचारलं होतं, स्वतःला नव्हतं. कुठल्या गावच्या कुठल्या माणसाने कुठली अडचण चुकवायला त्या मोराची मान तशी वळवली असेल? त्या सीडीतून गणपती नेटवर कुणी चढवला, हे कळायला मार्ग नव्हता. मी परत आले. येताना पाटसच्या फाट्यावर गाडी बराच वेळ थांबली होती, आणि मला कुणाचाच राग येत नव्हता. ते फार अवघड गेलं. राग असला की बसायला सोबत होते.

मामा त्या दिवशी उसाच्या एका ट्रॉलीच्या फळीवर मालकाचं नाव लिहीत होते. मी फोटो आणि फिल्म त्यांच्यापुढे धरली आणि सगळं सांगितलं. आडवळणाने सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडातून सरळच निघालं. "मामा, चोरी माझीच आहे. आणि आळ मी तुमच्यावर घेतला."

त्यांनी ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला, फडक्याला पुसला, मग फिल्म उन्हात धरली. मला वाटलं आता बोलतील, बोलायला हवं होतं. ते सावलीवर बोट ठेवून म्हणाले, "सकाळचा फोटू हाय. धाच्या फुडचा."

"हो."

"म्या न्हाई काढली ही. उन्हानं काढली, तुमी गिरवली." मग फिल्म माझ्याकडे देत, "पुसता यील का?"

"माझ्या मशिनवरची येईल. नेटवरची नाही. ती आता कुणाकुणाकडे गेली असेल."

"मग ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "खुंटी म्हनल्याव सावली आलीच."

मला रडू आलं. त्यांनी ते बघितलं नाही असं दाखवून फळीवरचं अक्षर पुरं केलं.

फोटो मी सोपानआबांना नेऊन दिला. न्हावऱ्याला जाऊन त्या दोघांनाही सांगितलं, चूक माझी होती, गणपती मामांचाच. त्यांनी चहा पाजला, ऐकून घेतलं, "व्हय व्हय" म्हणाले. त्यांच्या दारावर फ्लेक्स फडफडत होता. त्यावर तोच गणपती होता, सोंड वर, मोदक टोकाला, खाली काळं पान. आळ घ्यायला मला एक वाक्य पुरलं होतं. तो मागे घ्यायला दोन मोसम मी सांगत फिरले, आणि तोवर भिंती रंगवायची रीतच आटत गेली. मामांना अधूनमधून एखादी भिंत मिळायची. ते जायचे, चप्पल काढायचे. मी बरोबर असले तर माझ्याकडे बघून विचारायचे, "हितं खुंटी न्हाई ना कुठं?"

नेट मी सोडलं नाही. सोडून सांगणार कुणाला? अजूनही तिथे काही बघितलं की हात शिवशिवतात, डोकं चालायला लागतं. ते देणं मी नाकारत नाही. फक्त आता चित्र घ्यायच्या आधी त्यात काही वावगं दिसतंय का, हे मी बघते. एखादी उगाच वळलेली मान, कारण नसलेली रेघ. तिथे हमखास कुणाची तरी भिंत असते असा माझा संशय आहे, आणि एवढा एक संशय मी अजून सोडलेला नाही.

मामांचे डोळे पुढे गेले. मोतीबिंदू काढला, पण आत आणखी काही होतं. तेव्हापासून दरवर्षी लग्नसराईत आमचा एक शिरस्ता आहे. तो गणपती असलेली पहिली पत्रिका आली की मी ती घेऊन त्यांच्याकडे जाते. ते बोट पुढे करतात, मी ते मोदकाखाली ठेवते. ते विचारतात, "हाय का?" मी म्हणते, "हाय." मग ते सोपानआबांची नक्कल करतात, "खुंटी निघायची न्हाई," आणि आम्ही हसतो.

यंदाची पत्रिका परवा आली. गुळगुळीत कागद, सोनेरी कड. सोंड वर. मोदक टोकाला. मी चष्मा कपाळावर ढकलला. मोदकाखाली काही नव्हतं. पत्रिका उजेडात धरली, खिडकीपाशी नेली. कुणीतरी, किंवा आता माणूसही लागत नसेल, ते पान कचरा समजून पुसून टाकलं होतं. फार सफाईने पुसलं होतं. वीस वर्षांपूर्वी मामांनी जे मागितलं होतं, ते कुणी न सांगता करून दिलं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. पण तो गणपती निमोण्याच्या भिंतीवरून आला, तिथे ऊन होतं, खुंटी होती, एक म्हातारा ती काढू देत नव्हता आणि एक पेंटर निम्मा दिवस तिच्याकडे बघत बसला होता, याची तेवढी एकच खूण होती. ती माझी चूक होती, आणि तीच गेली. मला भीती वाटली.

काल गेले मामांकडे. अंगणात खाटेवर बसले होते. पायांचा आवाज ओळखून म्हणाले, "आली का पत्रिका?"

"आली."

त्यांनी बोट पुढे केलं. मी ते धरून मोदकाखालच्या कोऱ्या जागेवर ठेवलं.

"हाय का?"

"हाय," मी म्हटलं.

"खुंटी निघायची न्हाई," मामा म्हणाले, आणि हसले. मग पत्रिका माझ्या हातातून घेऊन त्यांनी नीट उशीखाली ठेवली. माझ्यावर त्यांनी संशय घेतला नाही.